लाकडी मुठीवरचे दात

गेल्या आठवड्यात पुण्याहून निखिलचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मावशींच्या गाडीचा तिसरा टप्पा राहिलाय. करून टाकू का?"

निखिल म्हणजे गाड्यांचं ट्यूनिंग करणारा. लॅपटॉप घेऊन येतो, गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडतो आणि इंजिनाचा जोर वाढवून देतो. गाडी माझ्या बायकोची, इंदूची. इंदूला जाऊन सहा महिने झाले. माझा पोरगा सुनील कुरकुंभला कंपनीत आहे, तो म्हणतो गाडी विका. भावकी म्हणते, म्हाताऱ्याला असली पळणारी गाडी कशाला. सगळ्यांना घाई सुटली आहे. मला घाई नाही. निखिलला म्हटलं, "सांगतो." आणि आठ दिवस काही सांगितलं नाही.

इंदू दौंडची. बाप रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. पोरगी लहान होती तेव्हापासून तो तिला इंजिनापाशी न्यायचा. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं तिच्या कानामागच्या हाडाला टेकवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय?" तिच्या वयाच्या पोरी सागरगोटे खेळत होत्या, आणि हिला बेअरिंगचा आवाज कुठला आणि व्हॉल्व्हचा कुठला ते कळत होतं. सातवीनंतर शाळा सुटली. बापाबरोबर ऐकणं सुटलं नाही.

लग्न झालं तेव्हा मी शिरूरात एका गॅरेजात पाने धूत होतो. चौथी पास. इंजिन मला तिनं शिकवलं. बायको शिकवतेय आणि नवरा शिकतोय, हे बघायला दारात माणसं उभी राहायची. ती त्यांना म्हणायची, "तिकीट लावू का?"

पुढं न्हावरा फाट्याला आमचं स्वतःचं गॅरेज झालं. पाटीवर नाव माझं, बबन ऑटो. गिऱ्हाईक यायचं, पाटी वाचायचं आणि तिच्याकडं न बघता विचारायचं, "मिस्त्री कुठंयत?"

ती म्हणायची, "तुमच्या म्होरं उभी हाय. बोला."

तिच्या हातात कायम एक हातभर लांबीचा डिसमिस असायचा. लाकडी मुठीचा, बापाचा. स्क्रू पिळायला तिनं तो क्वचितच वापरला. पोलादी टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोललं तर डोळे न उघडता शिवी द्यायची. इंजिन सुरू झाल्याशिवाय चहा घ्यायची नाही. काम झालं तरी "झालं" म्हणायची नाही. म्हणायची, "आता बरं म्हणतंय." लग्नाला गेली तरी नव्या लुगड्याला डिझेलचा वास. बायका सरकून बसायच्या. ही म्हणायची, बरं झालं, जागा झाली.

कुणी फटफटी घेऊन आला आणि म्हणाला, मावशी, पिकअप वाढवून द्या, की तिचा एकच प्रश्न असायचा. "कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. असंच."

"मग हाय त्यात जा."

माणूस चिडायचा. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. पारगावकडं नदीकाठी एका बागायतदाराच्या विहिरीतलं पाण्याचं इंजिन बंद पडलं. सगळे त्याला आप्पा म्हणत. कांदा माना टाकायला लागला होता. त्याचा माणूस बोलवायला आला, आम्ही दोघं गेलो. आप्पा म्हणाला, "बबन, तू उतर खाली. बाईमाणूस झाडाखाली बसंल." बाईमाणूस हे एक कारण. दुसरं त्यानं बोलून दाखवलं नाही, पण ते वळचणीला दिसत होतं. आम्ही जयभीमवाले. आमच्यासाठी त्याच्या घरी वेगळा कप होता, कान तुटलेला, वळचणीला खोचलेला. चहा त्यातच मिळायचा.

मी विहिरीत उतरलो. तास झाला, इंजिन काही दाद देईना. इंदू झाडाखालून उठली आणि काठावर येऊन उभी राहिली.

"आप्पा, मी करते चालू. पण मग पाणी माझ्या हातचं. कांद्याला चालंल का?"

आप्पा म्हणाला, "कांद्याला काय. चालंल की."

"कांद्याचं झालं. तुमाला चालंल का?"

आप्पा कांद्याकडं बघायला लागला. गडी होते, वाटेकरी होते, सगळे ऐकत होते.

"चालंल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. इंजिनावर काम करून मला कमी ऐकू येतं."

तेव्हा तिला मुंगीही ऐकू येत होती. आप्पा मोठ्यानं म्हणाला. ती खाली उतरली, डिसमिस लावला, मला बाजूला सारलं, आणि थोड्याच वेळात पाइपातून पाणी आलं. तिनं तांब्या भरला आणि आप्पाच्या पुढं धरला. तो प्यायला. सगळ्यांच्या देखत प्यायला. येताना तिनं वळचणीचा तो कप उचलून पिशवीत टाकला. पुढं कैक वर्षं आम्ही गॅरेजात त्यात ग्रीस ठेवत होतो. आप्पाचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला की ती मुद्दाम तो कप बॉनेटवर ठेवायची.

आणि जे ती खोटं बोलली होती ते पुढं खरं झालं. एवढी वर्षं डिझेल इंजिनांच्या तोंडाशी काढली, कान राहतील कसे? आधी मला कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायची ती, आणि एके दिवशी डाळ करपून काळी झाली तरी ही शेजारीच भाकरी थापत बसलेली.   मग ती माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायला लागली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, म्हणजे विचारावं लागू नये. सुनीलनं कानाचं मशीन आणलं. ते ग्राइंडर चालू झाला की कुईकुई करायचं. चौथ्या दिवशी ते मला रॉकेलच्या ट्रेमध्ये सापडलं. पडलं म्हणाली.

पण इंजिनाचं निदान काही चुकेना. मला नवल वाटायचं. एकदा बघितलं तर बाई बॉनेटमध्ये वाकलेली, डिसमिसचं टोक इंजिनावर, आणि लाकडी मूठ दातात धरलेली. कान गेले तर तिनं जबड्यानं ऐकायला सुरुवात केली होती. दातातून हाडात, हाडातून डोक्यात. कुणी शिकवलं नव्हतं. तोंडात मूठ असल्यामुळं बोलता यायचं नाही, म्हणून हातानं सांगायची. तळवा वर केला म्हणजे रेस वाढव. खाली केला म्हणजे कमी कर. आडवा सपाट धरला म्हणजे आहे तिथं राहू दे. आमचं निम्मं बोलणं पुढं हातावरच आलं. जेवताना भाजी वाढायला गेलो तरी आडवा हात.

त्या दिवसांत मी एक गाढवपणा केला. ती दौंडला गेली होती. मला ती मूठ घाण दिसली, चावून चावून खाचा पडलेल्या, काळी झालेली. मी पॉलिश पेपर घेतला, घासघासून मूठ गुळगुळीत केली आणि वर वॉर्निश लावलं. बायको खूश होईल म्हणून. ती आली, मूठ तोंडात धरली आणि काढली. माझ्याकडं असं बघितलं की मी उभा होतो तिथून मागं सरलो.

"माझे दात बसायची जागा हुती ती. अवं, तुमची चष्म्याची काच मी घासून काढली तर?"

दोन महिने ती माझ्यावर धुसफुसत होती आणि दोन महिने मूठ चावत होती. नव्या खाचा पडल्या तेव्हा कुठं नीट बोलली.

आता गाडीचं. सणसवाडीच्या एका कंपनीत दक्षिणेकडचा साहेब होता. त्याची काळी, बसकी, परदेशी बनावटीची टर्बोची गाडी. आमच्याकडं ब्रेकच्या कामाला यायची. साहेब गाव सोडून चालला, गाडी काढायची म्हणाला. इंदू पासष्टीला आलेली. म्हणाली, "मी घेते."

सुनील म्हणाला, "आई, ती पळायची गाडी हाय. तुला कशाला?"

"पळायलाच."

"ह्या वयात?"

"तुझ्या वयात मला कुणी चावी दिली का? चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या ह्या फाट्यापस्नं त्या फाट्यापत्तर चालवल्या, ट्रायल म्हणून. आता माझी गाडी. आन् ट्रायल न्हाई."

दर आयतवारी ती गाडी काढायची, मला शेजारी बसवायची आणि न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस करत दौंडला जायची. बापाची रेल्वेची खोली कधीच पाडलेली. ती रुळांकडच्या कुंपणाशी उभी राहायची, लोखंडी खांबाला जबडा टेकवून. रेल्वे गेली की म्हणायची, "बरं म्हणतंय." मग आम्ही परत.

पण वाटेत उसाचे ट्रॅक्टर. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. पुढं काढायला जोर दिला की गाडी आधी दम खायची आणि मग उसळायची. तेवढ्यात समोरून कुणीतरी यायचं. तिला ते सहन होईना. सुनीलच्या कंपनीतल्या कुणीतरी निखिलचं नाव सांगितलं. तिनं मला फोन करायला लावला.

निखिल दुपारी आला. तिशीचा, दाढीवाला, बोलायला गोड. वायर जोडली, लॅपटॉप बघितला. "एकही एरर नाही मावशी. तयार फाइल आहे माझ्याकडे. पंधरा मिनिटांत टाकतो. गाडी ओळखू येणार नाही तुम्हाला."

इंदूनं त्याचं तोंड वाचलं आणि मान हलवली. "आत्ता न्हाई. आत चेन वाजतीय. टायमिंगची. सकाळी थंड आसताना वाजती."

निखिलनं कान लावला. मीही लावला. इंजिन गरम होतं, मांजरासारखं गुरगुरत होतं. काही नाही.

सुनील तिथंच होता. त्याला तसंही गाडी नकोच होती. तो तिच्यासमोर आला आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "आई, तुला कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई. चेन कुठनं ऐकू येती? तुझे कान गेलेत. गाडी आता चालवू नको."

परक्या माणसापुढं बोलला.  खरं सांगतो, मलाही वाटलं की संपलं हिचं. मी तिची बाजू घेतली नाही. ते मला आजही बोचतं.

ती म्हणाली, "उद्या सकाळी या. इंजिन थंड आसताना. चेन न्हाई निघाली तर चावी तुझी, सुनील. आन् निघाली तर?"

"तर मी गाडीचं नाव काढणार न्हाई."

सकाळी निखिल पुण्याहून आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. बॉनेट उघडलं. मला वाटलं इंदू वाकेल, मूठ दातात धरेल. तिनं डिसमिस निखिलच्या हातात दिला.

"मी ऐकलंय. आता तू ऐक."

त्यानं मूठ फिरवून बघितली. दातांच्या खाचा, काळं झालेलं लाकूड. खिशातून रुमाल काढला, पुसायला लागला, मग तिच्याकडं बघितलं. रुमाल खिशात घातला आणि मूठ दातात धरली. मला त्या वेळी आप्पा आठवला, तांब्या धरलेला.

मी चावी फिरवली. पोराचे डोळे एकदम मोठे झाले. तीन-चार सेकंद तसाच वाकून राहिला, मग मूठ काढून म्हणाला, "साखळी आहे. सैल आहे. वाजली आणि गप्प झाली."

"तेल वर चढलं की ती गप बसती," इंदू म्हणाली. "तू लॅपटॉप जोडस्तवर ती शहाण्यासारखी बसलेली आसती. सुनील, तुला ऐकायचंय?"

सुनीलची दुपारची पाळी होती. त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाने घेऊन बोल्ट काढायला बसला. पाळी बुडवली. संध्याकाळपर्यंत झाकण निघालं. चेन ताणलेली, तिला धरणारी प्लॅस्टिकची पट्टी तुटलेली, तुकडा खाली तेलात. जोर वाढवला असता तर चेन उडून आतलं सगळं एकमेकांवर आपटलं असतं आणि इंजिन भंगारात. निखिलनं तो तुकडा मागून घेतला. अजून त्याच्या दुकानात टेबलावर आहे म्हणतो.

नवी चेन बसली. निखिल पुन्हा आला, लॅपटॉप काढला, म्हणाला, "आता टाकू फाइल?"

"ती फाइल कुणाच्या गाडीची?"

"ह्याच मॉडेलच्या. खूप गाड्यांना टाकलीय."

"म्हंजी रेडिमेड ब्लाऊज. मी आजवर रेडिमेड घातला न्हाई, माझी गाडी घालणार न्हाई. माप घे."

निखिल हसला, पण मग गंभीर झाला. म्हणाला, "मग मला सांगा मावशी, कुठं जायचंय तुम्हाला?"

तिचाच प्रश्न तिला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी तो विचारला होता.

"दौंडला," ती म्हणाली. "ट्रॅक्टर मधी आला तर थांबायचं न्हाई. टॉप स्पीड मला नको, ते तुझ्या पुण्याच्या पोरांना दे. खालनं उठली पायजे. दम न खाता."

मग त्यांनी माप घेतलं. गाडी उभी, इंदू बॉनेटमध्ये मूठ चावून, निखिल मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी रेसवर. तिचा तळवा वर, खाली, आडवा. तो लिहून घ्यायचा, बदलायचा, मग ती रस्त्यावर काढून बघायची. निखिल म्हणाला, तीन टप्प्यांत करू, एकदम नको. पहिला झाला. महिन्यानं दुसरा. दुसऱ्या टप्प्यानंतरच्या आयतवारी पारगावच्या पुलाच्या अलीकडं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आडवा आला. समोर रस्ता मोकळा. इंदूनं पाय दाबला आणि गाडी अशी उठली की माझी पाठ सीटला चिकटली. ट्रॅक्टर मागं. ट्रॅक्टरवाला वाकून बघतोय, कोण आहे आत. म्हातारी आहे.

"घाबरलाव?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. दाराचं हँडल सोडलं नव्हतं.

"तिसरा टप्पा घाईनं नको," ती म्हणाली. "हिला ह्याची सवय हू दे."

तिसरा राहिला. खोकला आधीच होता, तो छातीत उतरला. एवढ्या वर्षांचा धूर. दौंडला दवाखान्यात ठेवलं, कारण ती म्हणाली मरायचं तर दौंडला. तिनं तसंच म्हटलं. आडपडदा न ठेवता.

ती गेल्यावर डिसमिस मी खुंटीला लावून ठेवला होता. निखिलचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं बॉनेट उघडलं, सुनीलला चावी फिरवायला सांगितली आणि मूठ तोंडात धरली. तिच्या खाचांत माझे दात बसवायला गेलो. माझे कसले दात, कवळी. नुसती खडखड. इंजिनाची का कवळीची ते कळेना. सुनील हसायला लागला आणि मग हसता हसता आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

म्हणजे ऐकून ठरवायचं माझ्या हातात नाही. आणि इंजिनाला आता सवय झालीय का, ते सांगणारं माणूस नाही. आठ दिवस मी हेच घोळवत होतो. मग आज सकाळी निखिलला फोन केला आणि सांगितलं, "राहू दे. दोन टप्पे तिनं केलेत. गाडी तिथंच राहील." तो म्हणाला, "बाबा, थोडंच राहिलंय, पूर्ण होईल." मी म्हटलं, "पूर्ण झालंय." भावकीलाही सांगतो, इथं लिहूनच सांगतो: गाडी विकायची नाही. मी दर आयतवारी ती दौंडला नेतो. ट्रॅक्टरच्या मागं अडकतो, कारण मला भीती वाटते. पण जोर आत आहे हे मला माहीत आहे.

हे मी मनानं ठरवलेलं नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशीचं सांगतो. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि ते मशीन खाटेला खेटून ठेवलेलं. दुपारी मी चहा घेऊन आलो तर इंदू कुशीवर वळलेली, आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावर जबडा टेकवलेला. डोळे मिटलेले. सिस्टर तिला ओढत होत्या, "आजी, पडाल." ही हलेना. मी म्हटलं, "राहू द्या सिस्टर, ऐकतीय ती." थोड्या वेळानं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "ह्या मशीनचं बेअरिंग चाललंय. सांगा त्यांना." त्यांनी ऐकून घेतलं नाही. सुनील गेला, भांडला, दुसरं मशीन आणायला लावलं. इंदूनं पुन्हा कठड्याला जबडा लावला.

मी तिच्यासमोर वाकलो. बोलून उपयोग नव्हता, म्हणून हातानं विचारलं. हवेत चावी फिरवली, म्हणजे गाडी. मग तीन बोटं दाखवली आणि तळवा वर केला. वाढवायचं का?

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं आपला हात चादरीवरून उचलला आणि आडवा, सपाट धरला.

सुनील म्हणतो, ती नव्या मशीनचं सांगत होती. म्हणू दे. त्याला तिनं इंजिन शिकवलं, मला हात शिकवलेत. जबडा तसाच लोखंडाला, डोळे मिटलेले, आणि तो हात आडवा. खाली ठेवतानाही तिनं तो वाकवला नाही. चादरीवर तसाच सपाट ठेवला, आणि मी तो हलवला नाही.